सातवा पेला

एस.टी. स्टँडच्या कोपऱ्यावर चिंचेखाली आम्ही रोज भेटायचो, तसं त्या शनिवारीही भेटलो. माझ्या हातात दोराचं टोक, दोराला हातहातभर अंतरावर गाठी, आणि गाठी धरून उभी सहा पोरं. समोरून सिंधूताई आल्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई; पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, बोटाला साडेतीन वर्षांची विशाखा. पोरीनं आईचं बोट सोडलं आणि न सांगता मागे जाऊन शेवटची गाठ धरली. रोजच धरायची. सिंधूताई निघायच्या घाईत होत्या, तरी थांबल्या. "कोकिळाबाई, एक गंमत सांगतो तुम्हाले," त्या म्हणाल्या. "आमची विशाखा घरी गिलासानं पानीच पेत नाही. गिलास पुढे केला का खाली उकिडवी बसते अन् अशी ओंजळ करते. वरून टाक म्हंते. महिना झाला पाहून राह्यली मी. काऊन करत असन हो?" हे सांगताना त्यांनी पिशवी काखेत दाबली आणि भर रस्त्यात दोन्ही हात जोडून ओंजळ करून दाखवली. त्या हसत होत्या. मीही हसले. आणि हसता हसताच म्हणाले, "पोट्टेच ते, नर्सबाई. हा सहदेव नळावर ओंजळीनं पेते, त्याचं पाहून शिकली असन." पहिल्या गाठीवरच्या सहदेवनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मी नाही पेत ओंजळीनं," तो म्हणाला. चार वर्षांचं पोर, त्याचं कोण ऐकतं! सिंधूताईंनी हात खाली घेतले, पदराला पुसले. ओले नव्हते, तरी पुसले. "असन," म्हणाल्या आणि दवाखान्याच्या वाटेला लागल्या. 

तिथून माझं घर लाकडांच्या वखारीमागे, मोठ्या माणसाला दहा मिनिटं, दोर धरून चालणाऱ्या सात पोरांना अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी एकच गोष्ट घोळवत होते, की त्यांना पटलं की नाही पटलं. 'असन' म्हणाल्या त्या कशा म्हणाल्या? बाई दवाखान्यात दिवसभर माणसांची तोंडं बघते, खोटं बोलणारी किती बघत असेल. नवऱ्यानं मारलं तरी पाय घसरला म्हणणाऱ्या बाया त्यांच्याच हातून टाके घालून घेतात. मग माझं तोंड त्यांना वाचता आलं नसेल? आणि आलं असेल तर पोरगी माझ्या हाती देऊन गेल्या कशा? बरं, खोटं बोलायचं तर स्वतःच्या जिवावर बोलावं माणसानं. मी ते घातलं कोणाच्या अंगावर, तर सहदेवच्या. तो वाटेत दोनदा म्हणाला, "मावशी, मी पेल्यानंच पेतो ना?" मी म्हटलं, "हाव रे बाप्पा, चाल." मागे वळून पाहिलं तर विशाखा शेवटच्या गाठीवर, उजव्या हातानं दोर घट्ट धरून, डाव्या हातानं फ्रॉक सावरत चालली होती. तिच्या पुढची गाठ रिकामी होती. ती मीच रिकामी ठेवली होती. पोरं एकमेकांच्या टाचा तुडवतात म्हणून ठेवली, असं मी मनाशी म्हणत आले होते. पण बाकी कोणाच्या मध्ये अशी रिकामी गाठ नव्हती.

हा धंदा मी सुरू केला तेव्हा त्याला नावही नव्हतं. शंकरराव, म्हणजे आमचे हे, जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. काविळीनं पंधरा दिवसांत गेले. मुंबईला नवं राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती, आमच्या जळगाव जामोदात त्याची खूण काय, तर बायका नोकरीला निघायला लागल्या. मास्तरणी पहाटेच्या एस.टी.नं खेड्यावर जायच्या, दवाखान्यात नर्सबाई आली, तहसिलीत एक टायपिंगवाली आली. सगळ्यांच्या घरी सासू असतेच असं नाही, आणि असली तरी ती पोर सांभाळेलच असं त्याहून नाही. मी सातवी पास, हात रिकामे, घर रिकामं. ह्यांची सायकल भिंतीला टेकून उभी होती ती विकली. त्यात एक सतरंजी आली, दोन झोळ्यांचे हूक आले, एक माठ, एक तांब्या आणि स्वस्तातले जर्मनचे सहा पेले. सायकल विकली तेव्हा वखारीवाला हसला. "बाई, पोट्टे आनाल कशावर आता? टांगा ठेवता काय?" टांगा! मी विहिरीचा जुना दोर काढला, त्याला गाठी मारल्या आणि सकाळी सातपासून एकेका दारावर जाऊन पोरं ओवायला लागले. लोक गंमत पाहायला ओट्यावर येत. कोकिळा आपलं पिल्लू दुसरीच्या घरट्यात ठेवते, ही कोकिळा दुसऱ्यांची पिल्लं आपल्या घरट्यात आणते, असं कोणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. मला राग नव्हता. दोर धरून मी गावातून चालायची तेव्हा, खरं सांगते, माझी मान ताठ असायची. फक्त एका वस्तीत माझा दोर जात नव्हता. चिंचेपासून डाव्या हाताला वळलं की नवं बुद्धविहार आणि त्याच्या मागे सिंधूताईंची खोली. दोनशे पावलं असतील. सिंधूताई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही कायले तकलीफ घेता, मीच आनत जाईन कोपऱ्यावर." मी लगेच बरं म्हटलं. इतकं लगेच की त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पोरं डबा घरून आणायची, त्यामुळे खाण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न पाण्याचा. पहिल्या दिवशी विशाखा मला म्हणाली, "मावशी, पानी." फळीवर पेले होते, माठ होता. मी तांब्या घेतला आणि तिला अंगणात नेलं, तुळशीपासून जरा लांब, आणि म्हटलं, "बस व माय, हात कर असे." तिला ते येत नव्हतं. बोटांच्या फटीतून पाणी गळून तिचा फ्रॉक भिजला आणि ती खिदळली. दुसऱ्या दिवशी तिनं अंगठे आत घेतले. चौथ्या दिवशी एक थेंब सांडला नाही. मी तिला शाबास म्हटलं. हो, शाबास म्हटलं मी. मनाशी काय म्हणाले, की पोरं सात आणि पेले सहा, पेला कमी पडतो, पुढच्या बाजाराला आणू. मग बाजार येत गेले. एका बाजाराला कंदिलाची काच आणली, एकाला पोरांसाठी लाकडी बैल, एकाला माझ्यासाठी बांगड्यासुद्धा. पेला राहूनच जायचा. वेगळा पेला ठेवावा हे मनात आलं नव्हतं असं नाही. पण वेगळा पेला फळीवर दिसतो. सिंधूताई संध्याकाळी दारात येतात, त्यांची नजर जाईल, हा एकटा पालथा कोणाचा म्हणून विचारतील. ओंजळ कुठे दिसते? ओंजळ उघडली की गेली. तिचं काही मागे राहत नाही, असं मला वाटलं होतं. ते पोरीच्या हातांत राहील आणि तिच्या घरापर्यंत जाईल, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

आणि पाणी असं वरून घालायला मला कोणी वेगळं शिकवायला नको होतं. माझं माहेर भाजीपाल्याचं. बाप वांगी-मिरची लावायचा, निंदायला बाया लावायचा, आणि दुपारी त्यांना पाणी वाढायचं काम माझ्याकडे, मी नऊ वर्षांची असल्यापासून. आई, अंबूबाई, बांधावर उभी राहून सांगायची, "हात वर धर. अजून वर. धार तुटू देऊ नको, अन् शितोडा आपल्या अंगावर येऊ देऊ नको." मला ते फार छान यायचं. कळशी कमरेवर, तांब्या वर, आणि बारीक धार नेमकी ओंजळीत. बाया म्हणायच्या, पोरगी काय छान पाणी वाढते हो! मला त्याचा एवढा अभिमान की कोणी तहानलेलं नसलं तरी मी विचारत फिरायची. एकदा माझ्याच वयाची एक पोरगी आईसोबत आली होती. ती पाणी पिताना मी मुद्दाम धार मोठी केली. तिच्या नाकात पाणी गेलं, ती ठसकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी हसले. ती पोरगीही हसली, कारण तिला हसावंच लागणार होतं. तीस वर्षांत मला ती एकदाही आठवली नव्हती. सिंधूताईंनी रस्त्यात ओंजळ करून दाखवली तेव्हा पहिल्यांदा आठवली, नाकातून पाणी निथळणारी आणि हसणारी.

त्या दिवशी घरी पोचल्यावर पोरं पाणी पाणी करायला लागली. मी सहा पेले भरले, आणि सहदेवचा पिऊन झाल्यावर त्याचाच पेला विसळून, पुन्हा भरून, विशाखापुढे धरला. सहज धरला काय? नाही, आधी दाराकडे पाहून घेतलं. खोटं कशाला बोलू, आता एक तर बोलून झालंच होतं. विशाखानं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हा सहदेवचा हाय," ती म्हणाली. "असू दे, पे तू." तिनं हात मागे नेले, दोन्ही, पाठीमागे. "मी लावलं तं धुवा लागन." हे वाक्य माझं. पोरीनं ते माझ्या तोंडून उचललं होतं. कधीतरी तिनं माठाला हात लावला असेल आणि मी म्हटलं असेल, रागानंही नाही, सहज, आपण पोरांना हजार गोष्टी म्हणतो तसं. मी म्हटलं, "नाही धुवा लागत व माय, पे." तिला वाटलं मी तिची परीक्षा घेते आहे. ती हसली, शहाण्या मुलीसारखी मान हलवून नाही म्हणाली, अंगणात तिच्या जागी जाऊन उकिडवी बसली आणि ओंजळ पुढे केली. अंगठे आत, कोपरं गुडघ्यांना टेकलेली. ऊन चढलं होतं, पोरगी तहानली होती. मी पेला हातात घेऊन उभी राहिले. मग तांब्या आणला आणि तिच्या ओंजळीत पाणी घातलं. त्याही दिवशी घातलं. तहानलेल्या पोरीला काय उपदेश करत बसू, असं म्हणत घातलं.

शनिवारची सकाळची शाळा, म्हणून सहदेवची आई शालूबाई दीडच्या एस.टी.नं परत आली. मास्तरीण, बडबडी, घामानं डबडबलेली, दारातच मटकन बसली. माझा सगळा आधार तिच्यावर होता हे तिला माहीत नव्हतं. दीड वर्ष मी मनात म्हणत आले होते, माझं काय जातं हो, मला काही नाही, पण हे बाकीचे लोक! शालूबाईला कळलं तर सहदेवला काढून नेईल, तिचं पाहून टायपिंगवाली आपली जुळी पोरं नेईल, मग माझी चूल पेटेल कशी? शालूबाई विशाखाला सहदेवच्या पेल्यानं पाणी पाजू देणार नाही, हे मी इतकं धरून चालले होते की तिला विचारायची गरजच वाटली नव्हती. त्या दिवशी विचारलं. पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवत, आपलं सहज विचारते आहे असं दाखवत विचारलं, "बाई, सहदेव अन् ती नर्सबाईची पोरगी एका गिलासानं पानी पेले तं तुम्हाले चालन ना?" शालूबाईनं तांब्या तोंडाला लावला होता तो खाली केला. "म्हंजे? आतालोक वेगळे पेत होते काय?" मी सतरंजीची घडी घालायला लागले. "मले तं वाटलं सगळे एकच गिलास ओढून राह्यले असतीन. पोट्ट्यायचं काय!" मग जरा थांबून, दाराकडे पाहून, आवाज उतरवून म्हणाली, "आमच्या सासूले नका सांगू म्हंजे झालं." आणि सहदेवचं बखोट धरून निघून गेली. सासूला भिते म्हणाली म्हणून मला क्षणभर बरं वाटलं, बघा, मी म्हणत होते ना! पण ते टिकलं नाही. पोर माझ्याकडे ठेवणारी सासू नव्हती. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. कोणी दारात येऊन, बोट दाखवून, कोकिळाबाई त्या पोरीला वेगळं ठेवा, असं म्हणालं नव्हतं. दीड वर्ष मी ज्यांचा हुकूम पाळत होते ती माणसं माझ्याच डोक्यात बसली होती.

तेव्हा मला सुचलं ते असं, की पेला आणावा. आजच्या आज, आत्ता. संध्याकाळी सिंधूताई यायच्या आत सातवा पेला फळीवर पाहिजे. उन्हात उरलेल्या सहा पोरांना पुन्हा दोर धरायला लावला. सहदेव घरी गेल्यामुळे पहिली गाठ मोकळी होती. "विशाखा, इकडे ये, पुढे धर," मी म्हटलं. ती आली नाही. "माही मांगची हाय," म्हणाली. मी तिचा हात धरून पुढे आणायला गेले तर तिनं भोकाड पसरलं. मग राहू दिलं. बाजारगल्लीत इंद्रभानचं भांड्याचं दुकान. सहा पोरं घेऊन मी आत शिरले तसा तो ओरडला, "बाई, भांडे मोडतीन ना माहे!" पेला म्हटल्यावर त्यानं जर्मनचा काढला, आधीच्यांसारखाच. मी म्हटलं हा नको, स्टीलचा दाखव. तेव्हा स्टील म्हणजे लग्नात देण्याची वस्तू. इंद्रभानचे डोळे चमकले. पण मला त्या दिवशी महागच घ्यायचं होतं. जितकं महाग तितकं माझं ओझं कमी होईल असं वाटत होतं. पेला इतका लखलखीत की त्यात माझं तोंड वाकडं दिसलं. "नाव टाकून देऊ?" त्यानं विचारलं. आमच्याकडे भांडं घेतलं की नाव टाकतातच, विहिरीवर नाहीतर लग्नात बदलू नये म्हणून. त्याचे वेगळे पैसे नसतात. तो छिन्नी घेऊन तयारच होता. मी म्हटलं, "टाक. विशाखा." तो थांबला. "इशाखा? हे कोनाचं नाव?" "हिचं." त्यानं पोरीकडे पाहिलं, नाव समजलं, मोहल्लाही समजला. टिक टिक करत एकेक टिंब मारत त्यानं नाव काढलं. विशाखा टाचा उंचावून पाहत होती. मी तिला म्हटलं, "हे तुहं नाव. हा गिलास तुहा." ती इतकी खूश झाली की दोर सोडून पेला दोन्ही हातांनी छातीशी धरून चालायला लागली.

वखारीच्या कोपऱ्यापर्यंत मीही खूश होते. मग चालता चालता माझंच वाक्य मला आठवलं. 'हा गिलास तुहा.' हा तिचा, म्हणजे बाकीचे तिचे नाहीत. सहा पेल्यांवर कोणाचंच नाव नव्हतं, ते सगळ्यांचे होते, कोणीही कोणताही उचलायचं. आणि एकावर मी नाव घालून आणलं होतं, छिन्नीनं, न पुसणारं. जे ओंजळीत दिसत नव्हतं ते मी माझ्या हातानं स्टीलवर ठोकून आणलं होतं. अगं बाई, काय करून बसले मी! डोकं ताळ्यावर असतं तर आणखी एक जर्मनचा घेतला असता, सहात मिसळून गेला असता, कोणी मोजले असते? आणि त्या मोजण्यावरूनच मला दुसरं आठवलं. मी पोरांना उन्हात तशीच उभी ठेवून वखारीच्या भिंतीला टेकले. ती टायपिंगवालीची जुळी. ती कधी आली? दिवाळीनंतर आली. विशाखा कधी आली? पोळ्याला. विशाखा आली तेव्हा माझ्याकडे पोरं होती चार, आणि पेले होते सहा. फळीवर दोन पेले रिकामे होते. दोन! दीड वर्ष मी जे 'पोरं सात, पेले सहा' म्हणत आले ते पहिल्या दिवशी खरंच नव्हतं. ते नंतर खरं झालं, आणि मी ते मागे नेऊन चिकटवलं. जुळी आली त्या दिवशी मी ते दोन पेले काढून त्यांच्यापुढे ठेवले होते, विशाखा अंगणातून पाहत होती, आणि मला एकदाही वाटलं नाही की हिचा नंबर आधी होता. माणूस दुसऱ्याशी खोटं बोलतं तेव्हा त्याला माहीत तरी असतं. पोरं ऊन लागतं म्हणून रडायला लागली तेव्हा मी चालायला लागले.

पेला लपवायचा ठरवला होता, पण विशाखा तो सोडेना. पाणी त्यातून प्यायली नाही. ओंजळीनंच प्यायली, आणि रिकामा पेला मांडीत घेऊन बसली. हळूहळू बाकीची पोरं गेली. साडेपाचला सिंधूताई आल्या. दारात उभ्या राहिल्या तसा विशाखानं पळत जाऊन पेला दाखवला. "माह्या नावाचा!" सिंधूताईंनी तो उजेडाकडे धरून नाव वाचलं. मग त्यांची नजर फळीवर गेली. सहा पेले, ओळीनं पालथे. त्या चपला काढून आत आल्या. इतक्या दिवसांत त्या कधी उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या, आणि मी कधी या म्हटलं नव्हतं. त्यांनी एक पेला उचलला, फिरवून पाहिला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. सहाही पाहिले. "ह्यायच्यावर कोनाचं नाव नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, सकाळी मी खोटं बोलली. सहदेवनं नाही शिकवलं. मी शिकवलं." "हाव. मले मालूम होतं." "मंग सकाळी काऊन नाही बोलल्या?" "तुम्ही सांगता का नाही, ते पाह्यत होती." आवाज चढला नव्हता. टाके घालताना बायकांशी बोलतात तोच. "कोनी म्हणलं होतं काय तुम्हाले? त्या मास्तरीनबाई? का दुसरं कोनी?" इथे वाट होती. शालूबाईच्या सासूचं नाव घेतलं असतं तरी भागलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. माझ्या जिभेवर ते आलं होतं. मी म्हटलं, "कोनीच नाही. पेला कमी होता म्हणावं तं तेही नाही. ती आली तवा पोट्टे चार होते अन् पेले सहा. दोन फळीवर रिकामे होते, ताई." आणि मग मला रडू आलं, आणि रडताना मला वाटलं की आता या माझ्या पाठीवर हात ठेवतील. तेही वाटलं मला, लाज नाही वाटली.

त्यांनी हात ठेवला नाही. म्हणाल्या, "पानी द्या." मी डोळे पुसले, धावत फळीकडे गेले, त्या सहांतला एक पेला भरला, काठोकाठ, आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. त्यांनी पेल्याकडे पाहिलंही नाही. त्या अंगणात गेल्या, तुळशीपासून लांब, विशाखाच्या नेमक्या जागी. ती जागा त्यांना कोणी सांगितली नव्हती; मातीत पाणी मुरून काळा डाग पडला होता. पांढरं पातळ आवरून त्या उकिडव्या बसल्या आणि ओंजळ पुढे केली. "नाही ताई," मी म्हटलं, "असं नका करू, पाया पडते." "घाला," त्या म्हणाल्या. "मले पाह्यचं हाय, पोरगी रोज काय पाह्यते ते." विशाखाला वाटलं आई खेळायला बसली. ती आईला चिकटून बसली, पेला खाली ठेवला आणि तिनंही ओंजळ केली. मी तांब्या घेतला. पाणी घालायचं नव्हतं मला. पण त्या उठेनात, आणि तहानलेलं माणूस समोर बसलं की हात थांबत नाही. धार पडली, बारीक, न तुटणारी, आधी मोठ्या ओंजळीत आणि मग छोट्या. एक शितोडा कुठे उडाला नाही. सिंधूताई पूर्ण प्यायल्या, शेवटच्या घोटापर्यंत. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे नाही, तांब्याकडे पाहिलं. "वडनेरले, पाटलाच्या मळ्यात, मी अन् आई असंच पानी पेत होतो," त्या म्हणाल्या. "पन पाटलीन हात एवढा वर नव्हती धरत."

त्या उठल्या, पदरानं पोरीचं तोंड पुसलं. "सोमवारी आनतो तिले," म्हणाल्या. "मले दुसरी जागा नाही, अन् ड्यूटी सोडता येत नाही. तुम्हाले हे मालूमच हाय." स्टीलचा पेला तिथेच मातीवर राहिला. विशाखा त्याच्यासाठी मागे वळली, पण त्यांनी तिचं बोट धरलं आणि त्या चालायला लागल्या. मला हाक मारायची होती. ताई, सोमवारी मी येते तिला घ्यायला, तुमच्या दारापर्यंत दोर घेऊन येते, पहिली गाठ तिची, असं ओरडायचं होतं. दोघी वखारीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मी अंगणात उभी होते, तांब्या रिकामा झाला होता, आणि माझा हात अजून वरच होता.